पोचा पाहून घ्यावा

खर्जातल्या पितळी वाद्यांचा, त्यातही ट्यूबाचा, नाद लागलेल्या माणसाने स्मरणवस्तूंचा संग्रह करायचं मनावर घेतलं, तर पहिल्या दिवशी त्याने ट्यूबा विकत घेण्याचा विचार सोडून द्यावा. कारण साधं भूमितीचं आहे. बी-फ्लॅट ट्यूबाची नळी उलगडली तर सुमारे १८ फूट भरते. ती गुंडाळून जे उरतं ते दोन खोल्यांच्या घरात मुक्कामाला आलेल्या थोरल्या काकांसारखं बसतं. त्याला ऊठ म्हणता येत नाही आणि वळसा घातल्याशिवाय स्वयंपाकघरात जाता येत नाही. शिवाय वाद्य घरात आलं की ते वाजवावंसं वाटतं, आणि वाजवायला लागलेला माणूस संग्राहक म्हणून वाया गेला असं समजावं. तेव्हा संग्रह करावा तो वाद्याभोवतीच्या चिल्लर वस्तूंचा: माउथपीस, बिल्ले, कार्यक्रमपत्रिका, नोटेशनची पानं, जुन्या रेकॉर्डी. त्या निवडताना कसोटी एकच लावावी. चकाकी पाहू नये, खूण पाहावी. ज्या वस्तूवर कुणी राबल्याची खूण नाही, ती कुणी फुकट दिली तरी चहा पाजून परत करावी.

ही कसोटी लहरीपणाची नाही, हे ट्यूबावाल्याचा इतिहास पाहिला की पटतं. हे वाद्य मुळात पंगतीला उशिरा आलं. वीपरेख्ट आणि मोरित्झ या दोघांनी त्याचं पेटंट बर्लिनमध्ये घेतलं १८३५ साली. बेथोव्हेनला जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. त्याआधीची खर्जाची कामं सर्पंट नावाचं कातडं मढवलेलं, नागमोडी लाकडी वाद्य आणि त्यानंतर आलेलं ऑफिक्लाइड उरकत असत. पंगतीत बसल्यावरही ट्यूबाच्या पानात फारसं काही वाढलं गेलं नाही. ब्राम्सच्या चार सिंफन्यांपैकी फक्त दुसरीत ट्यूबा आहे. द्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीत तो एकाच भागात येतो आणि त्याच्या वाट्याला सगळे मिळून १४ स्वर येतात. बाकीचा वेळ माणूस ड्रेस घालून, वाद्य मांडीवर घेऊन, इतरांचं ऐकत बसतो. व्हायोलिनवाल्यांची चरित्रं निघतात, तैलचित्रं निघतात, त्यांच्या वाद्याच्या पोटातल्या चिठ्ठीवरून कोर्टकज्जे होऊ शकतात. ट्यूबावाला मागच्या रांगेत आणि तिथेही वाद्याआड निम्मा झाकलेला. त्याच्याविषयी फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. जे उरलं ते पितळेवर आणि कागदाच्या समासात. म्हणून खूण वाचायला शिकणं हेच या संग्राहकाचं शिक्षण.

या बाबतीत मराठी घरात वाढलेल्या माणसाला अर्धी विद्या आयती मिळालेली असते. पोचे आलेला तांब्या कोणत्या लग्नातला आणि तो कुणाच्या हातून पडला, हे आपल्याकडे तोंडपाठ असतं. भांड्यावर नाव घालण्याची रीतही आपलीच. जुन्या अमेरिकन वाद्यांच्या कर्ण्यावर कारखान्याचं नाव आणि वेलबुट्टी अशीच कोरलेली असते. ते कोरीवकाम बोटाने चाचपून पाहावं. रेघा खोल आणि कडेला किंचित खरखरीत लागल्या तर वस्तू अस्पर्श आहे. बोट लोण्यावरून फिरल्यासारखं फिरलं आणि अक्षरं धुक्यातून पाहिल्यासारखी दिसली, तर कुणीतरी यंत्रावर घासून वाद्य ‘नवं’ केलं आहे. त्यात अक्षरांबरोबर पत्राही पातळ झाला. डावा हात जिथे वर्षानुवर्षं टेकतो तिथलं लॅकर गेलेलं असावं, माउथपीसच्या कडेवर चांदीखालचं पितळ डोकावावं, आणि तळाच्या वळणाला एक तरी प्रामाणिक पोचा असावाच. मात्र प्रत्येक डाग म्हणजे इतिहास नव्हे. तांबूस ठिपका, मधोमध काळपट, असं दिसलं तर पितळेतलं जस्त निघून गेलेलं असतं. पत्रा आतून पोखरत येतो. अशी वस्तू हळूच खाली ठेवून आल्या वाटेने जावं. घरी आणलेल्या वस्तूला चिंच लावायला धावणाऱ्या नातेवाइकांपासून तिला लांब ठेवावं, हे सांगायला नकोच. फायबरग्लासच्या सूझाफोनचा, म्हणजे खांद्यावर चढवायच्या ट्यूबाचा, तर मोहच नको. त्याला पोचा पडत नाही, थेट तडा जातो. आणि तड्याला स्वभाव नसतो.

इथे जाणकार हटकून आक्षेप घेतील: मग अर्नल्ड जेकब्जचा यॉर्क ट्यूबा? तो तर साक्षात वाद्य आहे आणि खर्जवाल्यांचा तो देव्हारा आहे. आक्षेप वजनदार आहे. १९४४ ते १९८८ अशी ४४ वर्षं शिकागो सिंफनीत ट्यूबा वाजवणाऱ्या या माणसाकडे ग्रँड रॅपिड्सच्या यॉर्क कारखान्यात १९३०च्या दशकात घडवलेली दोन वाद्यं होती. पुढे हिर्सब्रुनर आणि यामाहा यांनी त्यांची मापं घेऊन नकला काढल्या. पण या उदाहरणाने आमचंच म्हणणं सिद्ध होतं. मापं बाजारात मिळाली, तरी लोक मूळ यॉर्क बघायलाच धडपडतात, ते त्यावर घासल्या गेलेल्या ४४ वर्षांसाठी. तशी ती वाद्यं ऑर्केस्ट्राच्या मालकीची आहेत. तुमच्या दिवाणाखाली ती येणार नाहीत. येईल ते वेगळंच. जेकब्जना दम्याचा त्रास होता आणि श्वास शिकवायला ते दवाखान्यातली उपकरणं वापरत. शस्त्रक्रियेनंतर आपल्याकडे हातात देतात ते तीन चेंडूंचं प्लॅस्टिकचं खेळणं त्याच गोत्रातलं. या परंपरेची ही सर्वांत स्वस्त स्मरणवस्तू होय. (वापरलेलीच वस्तू घ्यावी, हा नियम इथे शिथिल करावा.)

दुसरा आक्षेप बिल्ल्यांवर येतो: हजारोंनी छापलेल्या वस्तूत दुर्मीळ ते काय? उत्तरासाठी न्यूयॉर्कला जावं लागेल. विल्यम बेल हे बँडमास्टर सूझाच्या बँडपासून न्यूयॉर्क फिलहार्मनिकपर्यंत वाजवत आलेले गुरुजी, जन्म १९०२चा, तोही नेमका नाताळचा. त्यांचे शिष्य हार्वे फिलिप्स यांनी त्यांच्या स्मरणार्थ २२ डिसेंबर १९७४ रोजी रॉकफेलर सेंटरच्या बर्फाच्या रिंकवर सुमारे ३०० खर्जवाले जमवून नाताळगीतं वाजवली. ‘ट्यूबाख्रिसमस’ नावाने हा सोहळा आता दरवर्षी शेकडो गावांत होतो, आणि नाव नोंदवणाऱ्या वादकांना त्या सालचा बिल्ला मिळतो. तो मिळवायचा तर डिसेंबरच्या थंडीत, व्हॉल्व्हमधली वाफ गोठायला लागलेली असताना, वाद्य घेऊन उभं राहावं लागतं. म्हणून कोऱ्या पाकिटातला बिल्ला घेऊ नये. ज्याची टाचणी वाकडी आहे आणि जिच्यात लोकरीचा एखादा धागा अडकलेला आहे, तो घ्यावा.

‘टबी द ट्यूबा’ या १९४५च्या बालकथेच्या रेकॉर्डी अवश्य जमवाव्यात. एकदा तरी आपल्याला चाल वाजवायला मिळावी म्हणून झुरणारा ट्यूबा तीत आहे; तो बेडकाकडून चाल शिकतो. लोक विचारतात, नट डॅनी केच्या आवाजातली आहे का? तीत ट्यूबा कुणाचा, हे कुणी विचारत नाही, यावरूनच तिची जागा कुठल्या कप्प्यात ते ठरवावं. जेरार्ड हॉफनुंगची व्यंगचित्रंही हवीत. तो स्वतः ट्यूबा वाजवत असे आणि जन्मला होता वाद्याच्याच गावी, बर्लिनला. आपल्या मुलखात शोधायचं तर वरातीतल्या सूझाफोनकडे पाहावं. मेरठच्या जली कोठी भागात बनलेला, खांद्यावर चढवलेला, कर्ण्यावर बँडचं नाव रंगवलेला तो भोंगा मोडीच्या दुकानात किलोवर जाईल. संग्राहकाने तराजूच्या आधी पोचावं.

सर्वांत शेवटी, आणि सर्वांत वरच्या कप्प्यात, नोटेशनचं पान. ‘न्यू वर्ल्ड’मधल्या ट्यूबाचं वापरलेलं पान मिळालं तर दुसरं काही मिळालं नाही तरी चालेल. त्यावर पहिल्या भागापुढे ‘टॅसेट’ म्हणजे ‘गप्प बसा’, दुसऱ्यात ते १४ स्वर, मग पुन्हा ‘टॅसेट’ आणि पुन्हा ‘टॅसेट’. वादकांना समासात पेन्सिल चालवायची सवय असते आणि या पानाइतका रिकामा समास अख्ख्या ऑर्केस्ट्रात सापडणं कठीण. तारीख असेल, आद्याक्षरं असतील, समोरच्या बासरीवाल्याच्या टकलाचं चित्र असेल. विकणारा ते खोडरबराने साफ करून द्यायला निघाला, तर त्याचा हात धरावा.