ब्रूनोला समुद्र दाखवायचाय

शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला निघणाऱ्या रो-रो बोटीवर एकदा जाऊन पाहा. या बोटीत कुत्र्यालाही तिकीट लागतं, त्यामुळे तो रीतसर प्रवासी असतो आणि त्याच्या चेहऱ्यावर तसा रुबाबही असतो. गळ्यात रुमाल, डोळ्यांवर गॉगल, शिवाय स्वतःची स्वतंत्र बॅग. तिच्यात दोन वाट्या, टॉवेल, चेंडू, लसीचं कार्ड आणि केस विंचरायचा ब्रश. मालकाचे दोन दिवसांचे कपडे त्याच बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात मावतात.

नाव ब्रूनो, जात सायबेरियन हस्की. बर्फावरून स्लेज ओढण्यासाठी जोपासलेली ही जात. अंगावर केसांचे दोन थर, एकावर एक. तर अशा प्राण्याला आपण मे महिन्यात हवापालटासाठी अलिबागला नेतो. “ब्रूनोला समुद्र दाखवायचाय,” मालकीणबाई सांगतात. ब्रूनोने ही इच्छा कधी आणि कुणाजवळ बोलून दाखवली, ते विचारायचं नसतं.

मुक्कामाच्या घरावर ‘पेट फ्रेंडली’ अशी पाटी असते. पाटी मुलाने लावलेली, आईला कुणी विचारलेलं नाही. या काकूंच्या हातचे कोंबडी-वडे खायला ठाण्याहून माणसं येतात. त्यांना फर्मान सुटतं, “काकू, याच्यासाठी पाव किलो चिकन नुसतं उकडा. मीठ नको, मसाला नको, कांदा-लसूण तर अजिबात नको.” काकू ब्रूनोकडे जरा निरखून बघतात आणि आवाज खाली आणून विचारतात, “पथ्यावर आहे का?” कांदा-लसूण कुत्र्यांना खरोखरच बाधतो, तेव्हा मागणी रास्तच आहे, पण कोकणात येऊन कांद्या-लसणाविना कोंबडी मागणारा पाहुणा काकूंच्या स्वयंपाकघराने त्याआधी पाहिलेला नसतो. ओसरीवर घरचा खंड्या पडलेला असतो. माशांचे काटे आणि उरलेला भात यावर त्याने आयुष्य काढलं आहे. तो एक डोळा उघडून हे सगळं ऐकतो आणि पुन्हा मिटतो.

नाश्ता अकराला झाला की किनाऱ्यावर पोचायला बारा वाजतात. हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवता येत नसेल अशा जमिनीवर कुत्र्याला चालवू नये, असं पशुवैद्य सांगतात. पण आपल्या पायात चपला असल्यामुळे वाळू तापल्याची वार्ता वरपर्यंत पोचत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा पंखा. त्या लोंबत्या जिभेचा फोटो काढायचा आणि खाली लिहायचं, ‘सो हॅपी!’ तहानेने तो खारं पाणी पितो. त्याचे परिणाम रात्री काकूंच्या नव्या चादरीवर उमटतात.

हिवाळ्यात गेलात तर वाळूवर दूरदेशाहून आलेले कुरव थव्याने टेकलेले असतात. त्यांच्यावर ब्रूनोला सोडायचं आणि ते उडाले की टाळ्या पिटायच्या, याला निसर्गाच्या सान्निध्यात राहणं म्हणतात. किहीमला 1930 साली सलीम अली तासन्‌तास मुकाट बसून सुगरणींचा संसार बघत होते. त्यांच्याकडे कुत्र्याचा चेंडू नसावा.

खरा रंग भरतो तो कोळीवाड्याजवळ. वलांडीवर बोंबील टांगलेले असतात, खाली जवळा पसरलेला असतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा घराचा खर्च या सुक्यावर भागतो. शहरातून आलेल्या माणसाला ती मोकळी जागा दिसते. ब्रूनोला मात्र तिथे काय आहे ते अचूक कळतं. तो जवळा हुंगतो, भोवती एक फेरी घालतो, मग दुसरी, आणि शांतपणे मागचा पाय उचलतो.

“ए दादा, आवर त्याला!”

“काही करत नाही हो तो, मावशी.”

“करून झालंय त्याचं!”

भरपाईचा विषय निघाला की मालकाला किनारा सार्वजनिक असल्याचं आठवतं. शी उचलायची पिशवी अर्थातच गाडीत राहिलेली असते. मग चपलेने वाळू ओढून प्रकरण झाकायचं. संध्याकाळी कुणाचं तरी पोर नेमकं तिथेच सिंधुदुर्ग किल्ला बांधायला घेतं.

घरी परतल्यावर अभिप्राय लिहिताना मात्र एक तारा कापला जातो. कारण: ‘इथे भटक्या कुत्र्यांचा उपद्रव आहे.’ वास्तविक ती कुत्री तिथलीच, भटकायला आलेला असतो तो ब्रूनो. गोव्यात तर शॅक चालू आहेत तोवर किनाऱ्यावरच्या कुत्र्यांची चंगळ असते आणि पावसाळ्याच्या तोंडावर शॅक आवरले की त्यांच्या पोटाचे हाल सुरू होतात. त्यांच्या उकडलेल्या चिकनची कुणी आगाऊ नोंदणी करत नाही.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गेलात, तर तिथे गोष्ट आणखी नाजूक आहे. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वर येते, शंभरेक अंडी घालते आणि वाळू ओढून निघून जाते. पुढचा सगळा भरवसा वाळूवर. कुत्री आणि कोल्हे ती घरटी उकरतात, म्हणून 2002मध्ये ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांसह सुरुवात केल्यापासून इथे अंडी उचलून कुंपणात जपली जातात. त्या कुंपणापाशी पट्टा सोडून “तो फक्त बघतोय हो” म्हणणारी माणसं कुठल्या मातीची असतात, देव जाणे. अंड्यांना हात लावणाऱ्या माणसासाठी 1972चा वन्यजीव कायदा आहे. ब्रूनोने कायदा वाचलेला नाही आणि मालकाने वाचायचा ठरवलेला नाही.

रविवारी संध्याकाळी परतीची रांग लागते. एखाद्या गाडीत येताना असलेलं कुत्रं जाताना नसतं. म्हातारं झालेलं असतं, केस गळत असतात, नव्या सोसायटीत चालणार नसतं. “इथे कसं मोकळं राहील,” अशी मनाची समजूत घातली जाते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या 1960च्या कायद्याने पाळलेल्या प्राण्याला असं सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या खेपेचा दंड दहा ते पन्नास रुपये. ब्रूनोचं बोटीचं तिकीट याहून महाग पडतं.

तेव्हा मंडळी, न्यायचंच असेल तर सकाळी आठच्या आत न्या, पट्टा हातात ठेवा, पिशवी खिशात ठेवा, जवळ्यापासून लांब राहा. आणि निघताना गाडीतली डोकी मोजाल, तेव्हा त्याचंही मोजा.