वाकळ शिवू इच्छिणाऱ्यांस जाहीर सूचना

वाकळ शिवायला सुई, दोरा, अंगुस्तान आणि चार-दोन जुन्या साड्या पुरतात, असा गैरसमज शहरातल्या हस्तकला वर्गांनी पसरवला आहे. कुरुंदवाडात तो कुणी मानत नाही. इथे वाकळीला आधी लागते सासू, मग नणंद, मग एखादी मोकळी शेजारीण. या तिघींचं एकमत झालंच तर सगळ्यात शेवटी सुई. ज्यांच्याकडे पहिल्या तिघींची सोय नाही त्यांनी बाजारातून ब्लँकेट आणावं आणि हा मजकूर इथेच सोडावा.

उरलेल्यांनी आधी जागा समजून घ्यावी. कुरुंदवाड शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या काठी आहे. नदीपल्याड नृसिंहवाडी, तिथे पंचगंगा कृष्णेला मिळते. कर्नाटकची हद्द जवळ, त्यामुळे घराघरांतल्या ट्रंकांत इरकली लुगडी आणि खणांचे तुकडे निघतात. दुसऱ्या अंगाला इचलकरंजी. तिथे 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि तेव्हापासून या पट्ट्यात कापडाला तोटा नाही. इचलकरंजीचा रंग कुरुंदवाडला दोन वाटांनी पोचतो: एकदा अंगावरच्या कापडातून आणि एकदा पंचगंगेतून. कापडावरचा चार धुण्यांत जातो. नदीतला जायचं नाव घेत नाही. वरच्या अंगाला तेरवाडच्या बंधाऱ्यात मेलेले मासे तरंगले की वर्तमानपत्रात फोटो येतो, पुढाऱ्यांची भेट होते, नमुने घेतले जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच मासे, तोच फोटो.

आता कच्चा माल. जुनी साडी ही घरातली सर्वात वादग्रस्त मालमत्ता आहे, कारण तिच्यावर भांडीवालीचाही डोळा असतो. चार साड्या आणि दोन पँटी दिल्या की स्टीलचा डबा हाती येतो, तोही ताबडतोब. वाकळ हाती यायला आठवडे जातात. म्हणून भांडीवाली गल्लीच्या तोंडाशी ओरडायच्या आतच ट्रंक उघडून वाकळीचा वाटा बाजूला काढावा. वाटण्यांचा या गावाला जुना अनुभव आहे. पटवर्धनांच्या कुरुंदवाड संस्थानाच्याच 1854 मध्ये थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन पात्या झाल्या होत्या. त्या मानाने सात साड्या दोन जावांत वाटणं सोपं असायला हवं. तसं ते नाही.

ट्रंकेच्या तळाशी कधीकधी एखादं गडद हिरवं किंवा लाल लुगडं सापडतं, फारसं न वापरलेलं. आजीने आजोबांनंतर ते पुन्हा नेसलेलं नसतं. अशी लुगडी वर्षानुवर्षं वाकळींच्या पोटात गेली. शेजारच्या हेरवाडने 4 मे 2022 रोजी ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं बंद केलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसंच करावं असं परिपत्रक काढलं. या कारणाने वाकळीला मिळणारी कोरी लुगडी कमी झाली, तर वाकळ शिवणाऱ्यांनी तक्रार करू नये. दुसरीकडून कापड शोधावं.

मापाचं गणित मात्र चोख आहे. नऊवारी म्हणजे 27 फूट. तिच्या चार घड्या केल्या की पावणेसात फूट लांबीचे चार थर एकाच लुगड्यात मिळतात आणि उंचातला उंच जावईही त्याखाली मावतो. सहावारी भरते 18 फूट. तिच्या सहा-सहा फुटांच्या तीन घड्या होतात, कडा दुमडल्या की त्यातलेही दोन-चार इंच जातात आणि मग थंडीत पाय बाहेर. आजीच्या पिढीला ऊब का पुरली आणि नातवाला का पुरत नाही, याचं उत्तर या वजाबाकीत आहे. पन्हा साधारण 45 इंच, म्हणजे एका माणसापुरता. नवरा-बायकोसाठी दोन पन्हे जोडावे लागतात. जोड नेमका मधोमध येतो, त्यामुळे हद्दीचा प्रश्न आपोआप मिटतो.

पोटात काय घालावं याला बंधन नाही. परकर, धोतर, विटलेली चादर, लुंगी, शिंप्याकडच्या चिंध्या, सगळं चालतं. अट एकच, कापड सुती हवं. सिंथेटिक साडी आत घातली की थर एकमेकांवरून सरकतात, दोरा ताणला जातो आणि झोपणारा घामाघूम होतो. नायलॉनची साडी ज्या सुनेने आत घातली तिचं नाव घरात बरीच वर्षं निघत राहतं. लग्नात आलेल्या मानपानाच्या साड्या याच जातीच्या असतात. त्यांचं काय करावं हे अजून कुणाला सुचलेलं नाही. त्या पुढच्या लग्नात परत फिरवाव्यात.

यानंतर येतं सगळ्यात नाजूक काम. कुणाची साडी वर, कुणाची आत आणि कुणाची पायाकडे? नियम असा की सासरच्या कुणाचीही साडी पायाकडे येता कामा नये. वरचा थर सगळ्या पाहुण्यांना दिसतो, म्हणून तिथे सासूबाईंचं इरकल. माहेरची साडी डोक्याकडे चालते, पण घडी घालताना ती आत गेली पाहिजे. रंगांच्या बाबतीत गावाला सवलत आहे. गणेशोत्सवात पाच मशिदींमध्ये गणपती बसवणारं हे गाव आहे, त्यामुळे हिरव्याशेजारी भगवं लावायला इथे कुणाची परवानगी लागत नाही. परवानगी लागते ती नणंदेची.

"वैनी, ही माझ्या साखरपुड्याची साडी न्हवं? आत घातलीसा व्हय?"

"व्हय की आक्का. वर घातली आस्ती तर उन्हानं विटली आस्ती."

या उत्तरावर अपील नाही. इच्छुकांनी ते पाठ करून ठेवावं.

प्रत्यक्ष शिवण दुपारच्या जेवणानंतर, सोप्यात. थर फरशीवर अंथरून हाताने सारखे करायचे, सुरकुती राहिली तर ती जन्मभर टोचते. चारी कोपऱ्यांवर वजन हवं. पाटा-वरवंटा आता बहुतेक घरांतून गेला, म्हणून कोपऱ्यांवर बायका बसवाव्यात. आधी लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांत अडकवायचे, मग कडा दुमडून पट्टी लावायची आणि तिथून धावदोरा. उजवा हात वरून सुई घालतो, डावा हात वाकळीखाली पालथा घालून सुईचं टोक बोटाला लागेपर्यंत वाट बघतो. टोक टोचलं म्हणजे टाका सगळ्या थरांतून गेला. दर्जा तपासण्याची याहून स्वस्त पद्धत नाही. नवशिकीच्या डाव्या तर्जनीवर आठवडाभरात बारीक काळे ठिपके दिसतात. अंगुस्तान उजव्या हातात असतं, डाव्याचा विचार कुणी केलेला नाही.

टाका गव्हाच्या दाण्याएवढा आणि दोन ओळींत बोटभर अंतर, हे माप धरलं तर एका पन्ह्यावर साठेक ओळी बसतात. पावणेसात फुटांच्या साठ ओळी म्हणजे सव्वाशे मीटरच्या वर दोरा आणि सुमारे दहा हजार टाके. दहा हजार टाक्यांना पुरेल एवढा मजकूर एका घरात नसतो. तो शेजारीण घेऊन येते, म्हणूनच सुरुवातीच्या यादीत तिचं नाव आहे. कुणाच्या उसाला तोड आली, कुणाचं बिल अडकलं, कुणाच्या मुलीला मुलाकडचे बघून गेले आणि अजून निरोप नाही, हे सगळं ओळीओळीने आत शिवलं जातं. विषय रंगला की टाके लांबतात. जाणकार बाई वाकळ उलटी करून बघते आणि भांडणाची जागा बोटाने दाखवते.

शिलाई मशीनवर हे काम उरकू पाहणाऱ्यांना सुया पुरत नाहीत. घरगुती मशीनखाली सात-आठ थर घातले की सुई मोडते. मोडलेलं टोक वाकळीत राहिलं तर ते पुढे कुणाला तरी सापडतंच, बहुधा पाहुण्याला.

शिवून झाली की ती कला आहे की अंथरूण, हा वाद आपल्याकडे कुणी घालत नाही. अमेरिकेत घातला गेला. अलाबामा नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या गीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान् पिढ्या जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत होत्या. 2002 मध्ये त्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि 2006 मध्ये तिथल्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. नदीच्या वेढ्यातलं गाव आणि जुनी कापडं ही दोन्ही पात्रता कुरुंदवाडकडे आहेत. कमतरता आहे ती भिंतीची, कारण इथे वाकळ भिंतीला लावली तर झोपायचं कशावर, असं पहिलं कुणी तरी विचारेल. पुण्याहून सुट्टीला आलेला मुलगा सांगतो की शहरात आता अंगावर वजन देणारं ब्लँकेट मिळतं, त्याने झोप चांगली लागते. तीन-चार किलोची वाकळ अंगावर घेऊन तो हे सांगत असतो.

उरलेल्या तुकड्यांची पायपुसणी करावीत. पण आजीच्या लुगड्याचा सगळ्यात मऊ भाग, पदराच्या आतला, बाळाच्या दुपट्यासाठी आणि कुंचीसाठी आधीच काढून ठेवायचा असतो. हे काम सूनबाईची बातमी कळल्यावर करू नये, गल्लीला लगेच समजतं.

देखभालीचा नियम वर्षातून दोनदा लागतो. नवरात्राच्या आधी दसरा काढताना घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण घाटावर जातं. भिजलेली वाकळ पिळायला दोन माणसं लागतात, दोघांनी उलट दिशांनी पीळ द्यायचा. एकाच दिशेने दिला तर दोघं गोल फिरतात आणि घाटावर करमणूक होते. दुसरा नियम पावसाळ्यातला आणि तो गमतीचा नाही. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही महापुरांत गावात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर दारोदार चिखलात माखलेल्या अंथरुणांचे ढीग लागले. पुरात सापडलेली वाकळ धुऊन सावरत नाही, आतल्या थरांत गाळ बसतो आणि वास जात नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. आकडा 39 ला पोचला की कागदपत्रं आणि दागिन्यांबरोबर वाकळीही माळ्यावर चढवाव्यात. कोरडी असताना ती एकटीला उचलते, भिजली की दोघांना जड जाते. म्हणून यंदा शिवायला घेणाऱ्यांनी संक्रांतीनंतर सुरुवात करावी आणि मिरगाच्या आत शेवटची गाठ मारावी.