शेजाऱ्यापेक्षा अर्धा टन जास्त

एसी किती टनाचा घ्यावा हे ठरवताना खोली मोजायची घाई करू नये. आधी शेजाऱ्याने कितीचा घेतला ते बघावे. त्याचा एकचा असेल तर आपला दीडचा, त्याचा दीडचा असेल तर आपला दोनचा. या सूत्रानुसार डोंबिवलीतल्या आमच्या दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये मी दोन टनाचा एसी बसवला. दुसरा मजला, खिडकी उत्तरेला, ऊन नावालाही नाही. पण शेजारी दीडवर होते.

दुसरी पायरी सोसायटीची. टनाचा आकडा सेक्रेटरींच्या कानावर जाऊ देऊ नये. आमचे सेक्रेटरी धावतच वर आले. "अहो, दोन टन? स्लॅब बसेल आपला!" बाहेरचा डबा दोन माणसे हातांवर उचलून आणतात, हे दाखवल्यावर ते म्हणाले, "मग बाकीचं वजन कुठे गेलं? फसवलं तुम्हाला."

टन हे वजन आहे, पण बर्फाचे. 2000 पौंड, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल, तेवढी ओढायची ताकद म्हणजे एक टन. तासाला 12,000 बीटीयू. म्हणजे आमच्या बेडरूममध्ये मी तासाला पंचाहत्तर किलो बर्फाची सोय केली होती. एवढ्यात कोपऱ्यावरच्या गोळेवाल्याने दुसरी गाडी टाकली असती.

मोठ्या एसीने खोली लवकर गार होते हे खरेच आहे. पाच मिनिटांत होते. मग कॉम्प्रेसर 'ठक्' करून बंद पडतो, आणि गंमत सुरू होते. हवेतले पाणी काढायचे तर ती हवा गार कॉइलवरून बराच वेळ फिरावी लागते. आमचा एसी एवढा वेळ चालायचाच नाही. पाइपाखाली बादली ठेवून पाहिली, तर सकाळी जेमतेम तळ झाकलेला. मेहुण्याकडे, तेवढ्याच खोलीत, एक टनाच्या एसीने रात्रीत अर्धी बादली भरायची. (इन्व्हर्टर एसी वेग कमी करून थोडे सावरून घेतो, पण त्याच्याही सावरण्याला मर्यादा असते.) आमची खोली गारही आणि ओलीही, चादर अंगाला चिकटायची. सौ.ने गार जागा म्हणून पोह्याच्या पापडांचा डबा तिथे आणून ठेवला. झाकण जरा सैल होते. आठ दिवसांत पापड असे सादळले की घडी घालून खिशात ठेवावेत.

1902 साली विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी ही यंत्रणा आखली, ती माणसे गार करायला नव्हे. दमट हवेने छपाईचा कागद बिघडत होता म्हणून. त्याच यंत्राच्या साक्षीने मी पापड सादळवून दाखवले.

तरीही कुणाला टेप घेऊन मोजायचेच असेल तर माझा नाइलाज आहे. 120 चौरस फुटांपर्यंत एक टन, त्यापुढे 180 पर्यंत दीड टन, हा ढोबळ हिशेब. वर तापलेली गच्ची असेल, भिंत पश्चिमेची असेल किंवा खिडकीला पडदा नसेल, तर अर्धा टन वाढवावा. माणसेही मोजावीत: नुसता बसलेला माणूससुद्धा शंभरेक वॅटच्या बल्बाइतका तापतो आणि आमच्याकडचे पाहुणे लवकर मावळत नाहीत. लहान घेऊनही चालत नाही. तो रात्रभर राबतो आणि खोली उकडलेलीच राहते. नागपूरकरांनी वरचा पापडाचा परिच्छेद सोडून द्यावा. त्यांच्या उन्हाळ्यात हवेला ओल माहीत नसते आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर तिथे अजून शहाणपणाचा आहे.

आमच्या बेडरूममध्ये आता एक टनाचा एसी आहे. दोन टनाचा जुना, एक उन्हाळा वापरलेला, विकणे आहे. वीस बाय बाराचा हॉल असलेल्यांनीच विचारावे. शेजाऱ्याचा टन विचारला जाणार नाही.