एकास साडेबावीस

लहानपणी दिवाळीत किल्ला करताना प्रमाण नावाची भानगड आम्हाला ठाऊक नव्हती. खाली विटा, वर चिखलात बुचकळलेलं पोतं, पोत्यावर अळीव. आणि सिंहासनावर महाराज असे की आडवे केले तरी महादरवाज्यातून आत जाणार नाहीत. बुरुजावर मावळा, शेजारी त्याच्याच उंचीचा कोंबडा, पायथ्याशी कुणीतरी आणून ठेवलेला जिराफ. कुणाची तक्रार नसे. पुढे बँकेत चिकटलो आणि चिखलात हात घालणं थांबलं ते निवृत्तीपर्यंत.

मग मुलगा जर्मनीहून आला तो एक खोकं घेऊन. आत बागेत चालवायची आगगाडी : एक इंजिन, दोन डबे, पितळी रूळ. एलजीबी नावाची ही जात न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ साली बाजारात आणली. दोन रुळांत अंतर ४५ मिलिमीटर आणि गाडी एकास साडेबावीस. मी मूळचा मिरजेचा. आमच्या स्टेशनात एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या नांदत होत्या, त्यामुळे गेज म्हटलं की माझे कान टवकारतात. मी तिथल्या तिथे गुणाकार केला आणि ओरडलो, "अगं, ही मीटरगेज आहे!"

"असेल. हॉलमधून उचला," ही म्हणाली.

खोक्यातले बारा वाकडे तुकडे जोडले की सव्वा मीटरचं रिंगण होतं. त्यात गाडी स्वतःच्याच शेपटीमागे धावते. दहा मिनिटांत तिला नाही, पण मला चक्कर आली. बागेत न्यायलाच हवी होती. आता, तळेगावचं आमचं घर दोघांच्या नावावर असलं तरी परस हिचा आहे. भूसंपादनाच्या वाटाघाटी तीन आठवडे चालल्या. तुळशीवृंदावनाला धक्का लागणार नाही, अळूच्या वाफ्याला हात लावायचा नाही, कढीपत्त्याला वळसा, आणि दोरीवरचे कपडे काढताना पायात रूळ येता कामा नये. एवढ्या अटी पाळून उरला तो माझा लोहमार्ग. लांबी १८ मीटर. आमच्या प्रमाणात ४०५ मीटर, म्हणजे चोवीस डब्यांची खरी गाडी उभी केली तर ती अख्ख्या मार्गाहून लांब भरेल. कोकण रेल्वेचं महामंडळ १९९० साली स्थापन झालं आणि १९९८ च्या जानेवारीत साडेसातशेच्या आसपास किलोमीटरवर गाडी धावली. मला १८ मीटरला दोन वर्षं लागली. पण त्यांच्या वाटेत सह्याद्री होता. अळू नव्हतं.

पहिल्या खेपेला रूळ नुसते जमिनीवर अंथरले. स्वयंपाकघराच्या पायरीपासून कुंपणापर्यंत जमीन नऊ इंच उतरते. माथेरानच्या गाडीला एकास वीसचा चढ झेपतो, मग आपल्याला हा काय जड, असं वाटलं होतं. पण माथेरानची गाडी १९०७ पासून चढतेय. माझ्या इंजिनाची चाकं जागच्या जागी गरगरली आणि डबे उलटे घरंगळत अळूत शिरले. शेवटी गवंड्याला बोलावलं. त्याने पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं घेऊन तो कुंपणाशी गेला आणि नळीतलं पाणी स्थिरावेपर्यंत आम्ही दोघं श्वास रोखून उभे राहिलो. त्याने खुणा केल्या, चर आखला, मग न राहवून विचारलं, "काका, सांडपाणी तुळशीला वळसा घालून कशाला न्यायचं? सरळ काढू की."

मी गाडीचं सांगितलं. तो इंजिनाकडे बघत राहिला. मग मजुरी आगाऊ मागितली.

काँक्रीट झालं, वर बारीक कच पसरली, जुनं प्लास्टिकचं पिंप उभं चिरून बोगदा केला आणि जून लागला. तेव्हा उमगलं की गाडी, डबे, स्टेशन, फलाटावरचा बाक, सगळं एकास साडेबावीस करता येतं, पाऊस नाही. आठ तासांत कच वाहून गेली, अळूच्या वाफ्यात खडी सापडली आणि ती कुणाची यावरून आमच्यात वेगळा पंचनामा झाला. चार सेंटिमीटरची गोगलगाय आमच्या मार्गावर शेळीएवढी असते, आणि शेळी निदान शिट्टी ऐकते. नारळाची झावळी पडली की समजायचं, ऐंशी-नव्वद मीटरचं झाड रुळांवर आडवं झालंय. हिचं पाऊल पाच मीटरचं भरतं, हे मी अजून घरात बोललेलो नाही.

त्यात रुळांतूनच वीज खेळते. पितळ काळवंडलं की गाडी बंद. "पितळच ना? चिंच लावा," हिने सुचवलं आणि आमटीच्या वाडग्यातला कोळ दिला. समई घासायला पाच मिनिटं लागतात. ही समई दोन्ही बाजू धरून छत्तीस मीटर लांब होती. दुपारपर्यंत रूळ लखलखले. आमटीत गूळ असतो हे संध्याकाळी मुंग्यांनी लक्षात आणून दिलं. दोन्ही रुळांवर, एकाच दिशेने, अंतर राखून. इतकी वक्तशीर वाहतूक मी आजवर चालवू शकलेलो नाही.

परवा गाडी बोगद्यात शिरली ती बाहेर आलीच नाही. चिखलात आडवा होऊन बॅटरी मारली. इंजिनासमोर बेडूक बसला होता. सव्वादोन मीटर लांबीचा. बॅटरीकडे त्याने पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"ढकला ना त्याला," ही खिडकीतून.

"अगं, पावसाळाभर त्याचं घर आहे ते. गाडी बोगद्याच्या अलीकडूनच परत फिरवतो. माथेरानची गाडीसुद्धा पावसाळ्यात नेरळहून वर जात नाही. अमन लॉज ते माथेरान, एवढीच ये-जा असते."

"मग पलीकडच्या प्रवाशांनी जायचं कसं?"

"तिकडे घोडे मिळतात."

सकाळी चहा घेऊन परसात आलो. बोगद्याच्या तोंडाशी माळ्यावरच्या, मुलाच्या किल्ल्याच्या खोक्यातला मातीचा घोडा उभा होता. एक कान गेलेला, रंग उडालेला आणि इंजिनापेक्षा चांगला चार बोटं उंच.