उसाला भाव, कोडला अनुभव

मुरुमच्या उसाचा दर दिल्लीत ठरतो. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यावर क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी (रास्त व किफायतशीर दर), त्यातून तोडणी-वाहतूक वजा, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार पैसे १४ दिवसांत. (ते किती वेळा मिळतात, हे विचारू नये.) त्याच शिवारात लॅपटॉप उघडून बसलेल्या नवख्या प्रोग्रामरला मात्र ताशी दर स्वतःच ठरवावा लागतो. त्याचं गणित सरळ: महिन्याला ३० हजार हवेत, दिवसाला ८ तास, २५ दिवस, म्हणजे तासाला १५० रुपये. गिऱ्हाईक शोधण्यात, ‘ते बटण जरा डावीकडे घ्या’च्या फोनवर आणि थकलेल्या बिलामागे गेलेले तास यात कुठेच नाहीत. निम्मे तास बिलात आले तरी नशीब, म्हणजे दर झाला ३००. इन्व्हर्टर अजून धरलेलाच नाही. शेतकरी तोडणी-वाहतूक विसरत नाही, बीसीएवाला विसरतो.

नवख्याचा हात बसलेला नसतो, चार तासांच्या कामाला तो दहा लावतो, तेव्हा त्याने स्वस्तातच राहावं, असं कुणी म्हणेल. मग बिलात चारच तास लावा, दर कशाला पाडता? पाडलेला दर गिऱ्हाईक चौघांना सांगतं. ‘अनुभव मिळेल ना’ हे तर खासच. महावितरण अनुभवावर बिल भरून घेत नाही. उद्यम नोंदणी असेल तर ४५ दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत, असं लघुउद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. तो गिऱ्हाइकाला वाचून दाखवला, की पुढचं काम उमरग्याच्या पोराला जातं, १४० रुपयांनी.