तळ्यावर जायची वाट

मे महिना लागला की पेण-रोह्याकडच्या मुंबईकरांना गावाकडच्या तळ्याचे उमाळे येतात. मलाही येतात. सुतारवाडीच्या तळ्यात दुपारभर डुंबायचं, वर करवंदं खायची. पावसाळ्याआधी आयाबाया गोधड्या धुवून काठावर वाळत घालायच्या. कातकऱ्यांची पोरं गळ टाकून बसायची आणि आमच्या दंग्याने मासे पळाले की शिव्या घालायची. शांतता होती, हे खरं. पण "आता तळ्याची मजा गेली" असे उसासे पुरे झाले. ती कुणी घालवली ते बोलू.

पर्यटकांनी नव्हे. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं, त्यावर आसपासच्या गावांतल्या पोरांची घरं चालतात. ते बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. भर मेमध्ये कुंडलिका वाहते तीसुद्धा मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सुटतं म्हणून. त्या धरणासाठी मुळशी पेट्यातली गावं बुडाली. 1921 साली सेनापती बापट मावळ्यांना घेऊन सत्याग्रहाला उभे राहिले, तरी बुडाली. इकडे पेणच्या हेटवणे धरणाचं पाणी नवी मुंबईला जातं आणि खारेपाटातल्या बाया उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पाण्याशेजारी राहणाऱ्याचा नंबर शेवटी लावायचा, ही आपल्याकडची जुनी खोड.

तळ्याकाठी तेच होतं. काठची जमीन रिसॉर्टसाठी विकली गेली की पहिलं कुंपण पडतं ते पायवाटेवर. गुरं, धुणं घेऊन जाणारी बाई, मासे धरणारा कातकरी, सगळ्यांना वळसा. रात्री डीजे, सकाळी काठावर बाटल्यांच्या काचा, त्यात अनवाणी पाय. आणि जमीन विकतं कोण? आपलीच भावकी. सातबाऱ्यावर नाव असलेले आपण सह्या करायला मुंबईहून येतो, त्याच फेरीत तळ्यावर जाऊन हळहळतो. हे मला सहन होत नाही.

रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला बंदी आहे, हा नियम 2000 सालापासून आहे. तक्रार करायला गावातला एकटादुकटा माणूस धजत नाही, कारण त्याचाच भाऊ त्या रिसॉर्टवर कामाला असतो. म्हणून हे काम गावाने मिळून करायला हवं. जमीन विकायचीच असेल तर वाट सोडून विका, आणि तसं खरेदीखतात लिहून घ्या.

1 मेला ग्रामसभा असते. नेमके तेव्हा आपण सुट्टीला गावात असतो. मतदार यादीत नाव असेल तर जाऊन बसा, नाव मुंबईला असेल तर घरातल्या मतदाराला पाठवा. ठराव दोनच ओळींचा मांडा: तळ्यावर जायची वाट सर्वांना खुली राहील, आणि रात्री 10 नंतर स्पीकर बंद.