पावणेतीन मिनिटांचा तास

सोळा एमएमचा शंभर फुटी रोळ चोवीस फ्रेमच्या गतीने जेमतेम पावणेतीन मिनिटं चालतो. आमच्या भाच्याने त्यात आजी, तुळस, गॅलरीतलं मांजर आणि खिडकीतला इराणी सिनेमात असतो तसला 'इराणी' उजेड कोंबला. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह, म्हणजे आणखी इराणी. लॅबमध्ये कळलं की फिल्म डिजिटलवर उतरवायचं, म्हणजे ट्रान्सफरचं बिल कमीत कमी एका तासाचं. रिक्षावाला निदान मीटर तरी दाखवतो!

"वन लाइट की बेस्ट लाइट?" काउंटरवरून प्रश्न आला. 'बेस्ट' ऐकून घासाघीस करील तो नवखा कसला? खिसा रिकामा करून चिरंजीव बेस्ट घेऊन आले. आता त्यात कलरिस्ट एकेक शॉट निगुतीने सावरतो. दोन स्टॉप अंडर गेलेलं मांजरही उजळून निघालं, आणि एक्स्पोजर चुकतंय का हे पाहायला काढलेल्या टेस्टमध्ये चूकच दिसेना. सुरुवातीला ग्रे कार्ड टिपून वन लाइट घेतला असता, तर त्यावर एकदाच उजेड जुळवून पुढचं सगळं जसंच्या तसं उतरलं असतं. पैसे वाचले असते, अब्रू गेली असती. टेस्ट त्यासाठीच असते ना?

पुढच्या रोळासाठी भावजींनी फुकटचा मार्ग सुचवलाय: प्रोजेक्टर लावा, चादरीवर पाडा, मोबाइलने टिपा. चित्र लुकलुकेल, निगेटिव्हवर चरे पडतील, ते सोडा. पण निगेटिव्हच ते, सगळं उलटं दिसणार: आजी काळ्याकुट्ट दातांनी हसेल आणि कपाळावर पांढरं कुंकू. तिला कोण समजावणार?